किबेहोचा गायक: संहारानंतरच्या रवांडातील उपासनागीते

#थ्रेड

१/
१७ फेब्रुवारी २०२०. रवांडाची राजधानी किगाली. रेमेरा भागातील पोलीस कोठडीत अडतीस वर्षांच्या एका कैद्याचा मृतदेह आढळला. कैद्याचे नाव किझितो मिहिगो. चारशेहून अधिक गीते त्याच्या नावावर सांगितली जातात आणि त्यांतील कितीतरी कॅथलिक चर्चमधील मिस्सेत गायली जात. राष्ट्रीय स्मृतिसमारंभात ज्याचा स्वर राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत घुमला होता, त्याचा शेवट कोठडीत का झाला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका देशातील उपासनागीतांचा शंभर वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो.

२/
रवांडा हा पूर्व-मध्य आफ्रिकेतील सुमारे २६ हजार चौरस किलोमीटरचा, टेकड्यांनी भरलेला चिमुकला देश. हुतू बहुसंख्य, तुत्सी अल्पसंख्य, त्वा अत्यल्प. परंतु तिघांची भाषा एकच, किन्यारवांडा. देव एक, दंतकथा एक, टेकड्याही एकच. १९०० साली ‘व्हाइट फादर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅथलिक मिशनऱ्यांनी साव्हे येथे पहिले ठाणे उभारले. १९३१ साली बेल्जियमच्या वसाहत सरकारने राजा मुसिंगा यास पदच्युत करून त्याचा पुत्र मुतारा रुदाहिग्वा यास गादीवर बसविले. १९४३ मध्ये रुदाहिग्वाने बाप्तिस्मा घेतला आणि १९४६ मध्ये देश ‘ख्रिस्तराजा’ला समर्पित केला. धर्मांतराची लाट राजदरबारातून प्रजेत उतरली.

३/
त्याच काळात बेल्जियन सरकारने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर ‘हुतू’, ‘तुत्सी’ वा ‘त्वा’ असा शिक्का मारला. पूर्वी गुरेढोरे, आश्रय आणि दरबारी संबंध यांनुसार काहीशी लवचिक असलेली ओळख कागदावर गोठली. मिशनच्या शाळांनी प्रथम तुत्सी उच्चभ्रूंना जवळ केले. १९५० नंतर वारे फिरले आणि चर्चमधील अनेकांनी हुतू राजकारणाला आशीर्वाद दिला. स्वातंत्र्यानंतर तर सत्ता आणि वेदी यांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. किगालीचे आर्चबिशप व्हिन्सेंट न्सेन्गियुम्वा हे अनेक वर्षे सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे सदस्य होते. उपासनागीते कोणत्या छताखाली गायली जात होती, हे समजण्यासाठी एवढी पार्श्वभूमी आवश्यक आहे.

४/
गीतांकडे वळू. आरंभी चर्चमध्ये लॅटिन घुमत असे, किंवा युरोपीय चालींवर किन्यारवांडा शब्द बसविलेले असत. किन्यारवांडा ही स्वरभाराची भाषा आहे. अक्षर उंच उच्चारले की खाली, यावर अर्थ बदलतो. परकी चाल वर चढते, शब्द मात्र खाली उतरू पाहतो. मग गाणारा देवाशी बोलतो खरा, पण उसन्या जिभेने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेतील उपासनेला दार उघडले. त्यानंतर रवांडातील रचनाकार आपल्या भाषेच्या चढउताराला मानवेल अशा चाली बांधू लागले. इनांगा या तंतुवाद्याचा आणि ढोलांचा संस्कार वेदीपर्यंत पोहोचला.

५/
या पिढीतील एक मोठे नाव सिप्रियाँ रुगांबा. कवी, संगीतकार, नृत्यरचनाकार आणि लोकसंस्कृतीचे अभ्यासक. तारुण्यात श्रद्धेपासून दूर गेलेले रुगांबा १९८०च्या दशकात पुन्हा तिच्याकडे वळले. पत्नी दाफ्रोझा यांच्यासह त्यांनी १९९० साली ‘इमॅन्युएल’ या प्रार्थनासमुदायाची रवांडात स्थापना केली. त्यांच्या गीतांत परंपरागत काव्याचा बाज होता आणि ख्रिस्ताशी केलेली घरगुती सलगीही. ओळखपत्रांवरील वांशिक शिक्का काढून टाकावा, असे ते उघडपणे म्हणत. हे धाडस होते. नोंद ठेवणाऱ्यांनी ते नोंदवून ठेवले.

६/
प्रोटेस्टंट परंपरेची कहाणी वेगळी, पण तितकीच महत्त्वाची. पूर्व रवांडातील गाहिनी या मिशन-ठाण्यावर १९३०च्या दशकात आत्मिक जागृतीची चळवळ पेटली. ती युगांडा, बुरुंडी, केनिया, टांगानिका असा प्रवास करीत ‘पूर्व आफ्रिकी जागृती’ या नावाने प्रसिद्ध झाली. भर सभेत उभे राहून पाप कबूल करणे आणि मग सर्वांनी मिळून ‘तुकुतेन्देरेझा’ हे लुगांडा भाषेतील गीत गाणे, ही तिची खूण. गोरा-काळा, हुतू-तुत्सी असे भेद या गीताच्या वर्तुळात गळून पडावेत, अशी अपेक्षा होती. काहींच्या बाबतीत ते खरोखर गळून पडले. सर्वांच्या बाबतीत पडले नाहीत, हे १९९४ ने दाखविले.

७/
आता किबेहो. दक्षिण रवांडातील हे टेकडीवरचे गाव. २८ नोव्हेंबर १९८१ रोजी येथील शाळेतील अल्फोन्सिन मुमुरेके या विद्यार्थिनीने आपल्याला पवित्र मरियेचे दर्शन घडल्याचे सांगितले. पुढे नाताली मुकामाझिम्पाका आणि मारी क्लेअर मुकांगांगो यांनीही तशीच साक्ष दिली. १९८२च्या ऑगस्टमध्ये या मुलींनी रक्त आणि प्रेते यांची भयंकर दृश्ये पाहिल्याचे सांगत आक्रोश केला. श्रद्धाळूंनी पुढे ते भाकीत मानले. याच गावी, पहिल्या दर्शनाच्या चार महिने आधी, २५ जुलै १९८१ रोजी, किझितोचा जन्म झाला होता. किझितो हे नाव युगांडाच्या हुतात्म्यांतील सर्वांत लहान मुलाचे. १८८६ मध्ये श्रद्धेपायी जिवंत जाळलेल्या पोराचे.

८/
तुत्सी घरातला हा मुलगा नवव्या वर्षापासून गाणी रचू लागला. यात्रेकरूंची रीघ, मिरवणुका, मरियेची गीते, चर्चमधील गायकवृंद. गावच सुरांचे होते. मग ६ एप्रिल १९९४च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान किगालीवर पाडण्यात आले आणि दुसऱ्या दिवसापासून सुमारे शंभर दिवस तुत्सींचा वंशसंहार चालला. संहाराला विरोध करणारे हुतूही मारले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे आठ लाख, रवांडा सरकारच्या गणनेनुसार दहा लाखांहून अधिक माणसे. बहुतेकांचा जीव कोयत्यांनी आणि सोट्यांनी घेतला. मारणारे बहुधा शेजारी होते.

९/
मारणारे आणि मरणारे बहुतांशी एकाच धर्माचे होते. १९९१च्या जनगणनेत जवळपास दहापैकी नऊ रवांडावासी ख्रिस्ती होते. सुमारे ६३ टक्के तर एकट्या कॅथलिक पंथाचे. १९५९ आणि १९६३च्या दंगलींत चर्चच्या आवारात शिरलेले लोक वाचले होते. त्या आठवणीच्या भरवशावर १९९४ मध्येही लोक तिकडेच धावले. हल्लेखोरांनाही ते ठाऊक होते. न्तारामा, न्यामाता, न्यारुबुये, किबेहो: आश्रयस्थानेच सापळे बनली. दारे बंद, आत हजारो माणसे. त्यांनी अखेरच्या तासांत प्रार्थना केली, गीते गायली, असे वाचलेले सांगतात. बाहेर उभे असलेल्यांना तीच गीते पाठ होती.

१०/
पहिल्याच दिवशी, ७ एप्रिलला, सैनिकांनी किगालीत सिप्रियाँ आणि दाफ्रोझा रुगांबा यांना त्यांच्या सहा मुलांसह घरीच ठार केले. ज्याने देशाला गीते दिली तो गेला. गीते मात्र उरली आणि आजही गायली जातात. २०१५ मध्ये या दांपत्याला धन्य घोषित करण्याची चर्चची प्रक्रिया सुरू झाली. त्याच महिन्यात गिसेन्यी येथे फेलिसितास नियितेगेका या हुतू सेविकेने, भाऊ सैन्यात अधिकारी असल्याने सुटकेची संधी असतानाही, आपल्या आश्रयाला आलेल्या तुत्सींना सोडून जाण्यास नकार दिला. त्यांच्याबरोबर तिलाही मारण्यात आले. आज तिची गणना राष्ट्रीय वीरांत होते.

११/
दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. न्यांगे येथील फादर अथानास सेरोम्बा यांच्या धर्मग्रामात सुमारे दीड हजार माणसे आत असताना चर्च बुलडोझरने पाडले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये अपिलात सेरोम्बा यांना जन्मठेप दिली. मुगोनेरोच्या ॲडव्हेंटिस्ट संकुलातील सात तुत्सी पाळकांनी आपल्या वरिष्ठ पाळकाला मदतीसाठी पत्र लिहिले; त्या वरिष्ठाला, एलिझाफान न्ताकिरुतिमाना याला, २००३ मध्ये दोषी ठरविण्यात आले. सोव्हूच्या मठातील दोन धर्मभगिनींना बेल्जियमच्या न्यायालयाने २००१ मध्ये शिक्षा ठोठावली. शेकडो धर्मगुरू व धर्मभगिनी मारले गेले, हेही खरे. आणि काहींनी मारण्यास हात दिला, हेही खरे.

१२/
संगीत स्वभावतःच जखम भरते, असा एक गोड समज आहे. रवांडाने तो खोटा ठरविला. सिमों बिकिंदी हा अत्यंत लोकप्रिय गायक. त्याची गीते द्वेष पसरविणाऱ्या आरटीएलएम रेडिओवर वारंवार वाजत. २००८ मध्ये न्यायाधिकरणाने त्याला दोषी ठरविले, ते रस्त्यावर ध्वनिवर्धकावरून हत्येस दिलेल्या चिथावणीबद्दल. शिक्षा पंधरा वर्षांची. थोडक्यात, सूर हे अवजार आहे. कोयत्याने उसाचे कांडे तुटते आणि माणसाची मानही. संहारानंतर चर्चमध्ये पुन्हा गाऊ पाहणाऱ्यांना हे प्रथम पचवावे लागले.

१३/
१९९४च्या जुलैत तोफा थंडावल्या तेव्हा चर्चमध्ये नेमके काय करायचे, हा प्रश्न धर्मशास्त्राचा नव्हता, जागेचा होता. जिथे प्रेते पडली तिथे मिस्सा अर्पण करावी काय? न्यामाताच्या चर्चमध्ये ती पुन्हा झाली नाही. बाकांवर मृतांचे कपडे, वेदीवर डागाळलेले वस्त्र, छताला स्फोटांची भोके. ती वास्तू आता स्मारक आहे आणि २०२३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. किबेहोत मात्र उपासना पुन्हा सुरू झाली. स्मारकही तिथेच उभे राहिले. एका ठिकाणी मौन, दुसऱ्या ठिकाणी गीत. दोन्ही निर्णयांमागे दुःख सारखेच होते.

१४/
अनेक जण परतलेच नाहीत. २०१२च्या जनगणनेत कॅथलिकांचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवर आले. पेंटेकोस्टल आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्या वाढल्या. काहींनी इस्लाम स्वीकारला. संहारकाळात मुस्लिम वस्त्यांत कित्येकांना आसरा मिळाला होता. श्रद्धा संपली नव्हती, विश्वास संपला होता; मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे बरेच आहे. देव आहे असे मानणारी स्त्रीसुद्धा ज्या धर्मगुरूने दार उघडले नाही त्याच्या हातून ख्रिस्तशरीर स्वीकारायला कचरत होती. तिला प्रवचन नको होते. मागच्या बाकावर बसून ओठ हलविता येतील, एवढीच जागा हवी होती.

१५/
तेरावे वर्ष पूर्ण होण्याआधीच किझितोने वडील गमावले. कुटुंबाची ताटातूट झाली; तो बुरुंडीत पोहोचला आणि वाचलेले आप्त तिथे भेटले. सूड घेण्यासाठी तुत्सी बंडखोर सैन्यात भरती होण्याची त्याने धडपड केली. वय कोवळे म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. मायदेशी परतल्यावर तो बुतारेच्या लहान सेमिनरीत दाखल झाला आणि ऑर्गनसमोर बसला. शिपाई व्हायला निघालेला मुलगा काही वर्षांतच देशातील सर्वांत लोकप्रिय चर्च-रचनाकारांपैकी एक झाला. संगीत आणि प्रार्थना यांनीच आपल्याला सूडापासून सोडविले, असे तो पुढे सांगत असे.

१६/
गायकवृंदाचे महत्त्व इथे ध्यानात येते. किगालीतील ‘कोराल द किगाली’ हा १९६६ पासूनचा नामांकित वृंद; १९९४ मध्ये त्याचे कित्येक सदस्य मारले गेले वा परागंदा झाले. उरलेल्यांनी पुन्हा सराव सुरू केला. चार पट्ट्यांत बांधलेले गीत एकट्याला गाता येत नाही. खालच्या पट्टीतला पुरुष श्वास कुठे घेतो, हे वरच्या पट्टीतल्या स्त्रीला ऐकावेच लागते. त्या पुरुषाचा भाऊ तुरुंगात असेल आणि त्या स्त्रीचा भाऊ स्मारकात, तरीही. वृंदात बसणाऱ्याला समेट झाला आहे असे म्हणावे लागत नाही. त्याला फक्त शेजारच्याच्या तालात राहावे लागते. ज्यांना बोलता येत नव्हते त्यांच्यासाठी एवढा आधार मोठा होता.

१७/
किन्यारवांडात ‘इम्बाबाझी’ हा एक शब्द आहे. त्याचा अर्थ दया, करुणा आणि क्षमाही. मिस्सेच्या आरंभी ‘प्रभो, दया कर’ ही याचना ज्या क्रियापदाने होते, तेही याच धातूचे. २००२ पासून प्रायोगिक आणि २००५ पासून देशभर भरलेल्या ‘गाचाचा’ या गावपातळीवरील न्यायसभांत आरोपी गवतावर उभा राहून हाच शब्द उच्चारत असे. कबुली आणि क्षमायाचना यांमुळे शिक्षा कमी होई. २०१२ मध्ये या सभा बंद झाल्या तोवर जवळपास एकोणीस लाख प्रकरणे निकाली निघाली होती. रविवारी चर्चमध्ये गायलेला शब्द आठवड्यात न्यायसभेत ऐकू येई. त्याने त्याचे वजन वाढले, आणि त्याची झीजही झाली.

१८/
झीज कशी? क्षमा हा कायद्यातील सवलतीचा मार्ग झाला की मागणारा खरोखर मागतो आहे की मोजतो आहे, हे कळेनासे होते. आणि क्षमा हे राष्ट्रीय कर्तव्य झाले की न देणारी विधवाच दोषी ठरू लागते. उपासनागीते या दडपणात भर घालू शकतात. सगळे गात असताना एकटीने गप्प राहणे कठीण असते. वाचलेल्यांपैकी अनेकांनी ही तक्रार केली: आमच्या जखमेवर खपली धरण्याआधीच आम्हाला ‘आमेन’ म्हणायला लावले. चांगले गीत कोणते, याची एक कसोटी यातून मिळते. न गाणाऱ्यालाही ज्याच्या जवळ बसता येते, ते गीत चांगले.

१९/
किझितोची गीते या कसोटीला बव्हंशी उतरत. २००१ साली नव्या राष्ट्रगीताच्या स्पर्धेत त्याने भाग घेतला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांच्या साहाय्याने त्याला पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात शिक्षणाची संधी मिळाली. काही वर्षे बेल्जियममध्ये राहून तो परतला. २०१० मध्ये त्याने शांततेसाठी स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले आणि शाळांत व तुरुंगांत कार्यक्रम केले. ज्यांनी त्याच्यासारख्यांचे बाप मारले त्या कैद्यांसमोर बसून तो गात असे. २०११ मध्ये त्याला कर्तबगार तरुणांसाठीचा सन्मान मिळाला. दरवर्षीच्या एप्रिलमधील ‘क्विबुका’ म्हणजे स्मरणसमारंभात त्याचा स्वर ठरलेला होता.

२०/
पण किबेहोच्या टेकडीवर संहार एकदा नव्हे, दोनदा झाला. १९९४च्या एप्रिलच्या मध्यास तेथील चर्चमध्ये हजारो तुत्सी मारले गेले. मेच्या आरंभी शाळेतील तुत्सी विद्यार्थीही. दर्शनाची साक्ष देणारी मारी क्लेअरही त्या वर्षी बळी पडली. वर्षभरात त्याच टेकडीवर विस्थापित हुतूंची प्रचंड छावणी उभी राहिली. तीत संहारक लपले होते, आणि असंख्य निरपराध बायकामुलेही होती. २२ एप्रिल १९९५ रोजी नव्या सरकारच्या सैनिकांनी छावणीतील गर्दीवर गोळीबार केला. सरकारी आकडा ३३८. तिथे असलेल्या ऑस्ट्रेलियन शांतिसैनिकांच्या मोजणीत तो सुमारे ४,००० होता.

२१/
दुसऱ्या घटनेतील मृतांसाठी सार्वजनिक शोक नव्हता. यामागे सरकारचे आणि अनेक वाचलेल्यांचेही एक कारण आहे आणि ते क्षुल्लक नाही. संहार नाकारणारे लोक ‘दोन्हीकडून वंशसंहार झाला’ असा युक्तिवाद करतात आणि त्याआड नियोजित विनाशाची जबाबदारी पुसून टाकतात. तो युक्तिवाद खोटा आहे. एका समाजाला मुळासकट संपविण्याचा राज्ययंत्रणेने राबविलेला कट आणि विजयी सैन्याने केलेल्या सूडहत्या यांत फरक आहे. परंतु फरक आहे म्हणून दुसऱ्या मृतांच्या आईने रडू नये काय? नेमक्या याच जागी एक उपासना-रचनाकार येऊन उभा राहिला.

२२/
मार्च २०१४. संहाराचा विसावा स्मृतिदिन महिन्यावर आला होता. किझितोने ‘इगिसोबानुरो च्युरुप्फु’, म्हणजे ‘मरणाचा अर्थ’, हे गीत प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा: संहाराने मला पोरके केले, पण इतरांच्या दुःखाबद्दलची कणव माझ्यापासून हिरावून घेऊ नये, ज्यांच्या हत्येला वंशसंहार म्हटले जात नाही तीही माणसेच होती आणि त्यांच्यासाठीही प्रार्थना करावी. रवांडावासी असण्याच्या आधी माणूस असणे येते, असाही त्याचा सूर होता. ‘मी रवांडावासी’ ही सरकारी मोहीम तेव्हा जोरात होती. गीतात कोणावर आरोप नव्हता, आकडा नव्हता, तुलनाही नव्हती. होती ती मृतांसाठीची प्रार्थना. पण तिची यादी सरकारी यादीहून लांब होती.

२३/
एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किझितो दिसेनासा झाला. काही दिवसांनी पोलिसांनी त्याला पत्रकारांसमोर उभे केले. परदेशस्थ विरोधी गटाशी संदेशांची देवाणघेवाण करून सरकारविरुद्ध कट रचल्याचा आरोप होता. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल करून दयायाचना केली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याने तुरुंगात लिहिलेले आत्मकथन मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. खरा अपराध ते गीतच होते, अशी त्याची बाजू त्यानंतर जगापुढे आली. ज्याने कैद्यांना ‘इम्बाबाझी’ शिकविली, त्यालाच न्यायालयात ती मागावी लागली.

२४/
१४ सप्टेंबर २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली आणि दोन हजारांहून अधिक इतर कैद्यांबरोबर तो सुटला. २०२०च्या फेब्रुवारीत न्यारुगुरू जिल्ह्यात, बुरुंडीच्या सीमेजवळ त्याला पुन्हा पकडण्यात आले. बेकायदा सीमा ओलांडण्याचा प्रयत्न, असे कारण सांगितले गेले. किबेहो याच जिल्ह्यात आहे. १९९४ मध्ये जीव वाचविण्यासाठी त्याने बुरुंडीचीच वाट धरली होती. चार दिवसांत तो कोठडीत मृत आढळला. अधिकाऱ्यांनी आत्महत्येचा निष्कर्ष जाहीर केला. मानवाधिकार संघटनांनी स्वतंत्र चौकशीची मागणी केली.

२५/
संस्थांची क्षमायाचना आणि गायकाची करुणा यांची तुलना करण्याजोगी आहे. रवांडाच्या कॅथलिक बिशपांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये, संहारात सहभागी झालेल्या ख्रिस्तीजनांबद्दल क्षमा मागितली. २० मार्च २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कागामे यांच्या भेटीत चर्चच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमायाचना केली. या दोन्ही गोष्टींना बावीस-तेवीस वर्षे लागली. किबेहोची दर्शने अधिकृत मान्य करणारे बिशप ऑगस्टिन मिसागो यांच्यावरही संहारात साथ दिल्याचा खटला चालला होता; २००० मध्ये ते निर्दोष सुटले आणि २९ जून २००१ रोजी त्यांनी मान्यतेची घोषणा केली. या टेकडीवरची कोणतीही गोष्ट साधी नाही.

२६/
म्हणून संहारोत्तर समाजात उपासनागीत काय करते, याचे उत्तर तीन पातळ्यांवर द्यावे लागते. ते शरीराला पुन्हा श्वास घ्यायला शिकविते; इतरांच्या तालात बसण्याची सवय परत देते. ते भाषेला शब्द पुरविते, विशेषतः जिथे दया आणि क्षमा यांसाठी एकच शब्द आहे तिथे. आणि ते मृतांची यादी ठेवते. पहिल्या दोन गोष्टींना कोणतीही सत्ता हरकत घेत नाही; उलट वृंदांना व्यासपीठ मिळते, सन्मान मिळतात. संघर्ष पेटतो तो तिसऱ्या गोष्टीवरून. कोणासाठी गावे हे ठरविण्याचा अधिकार चर्चने १९९४ पूर्वी सत्तेकडे गहाण ठेवला होता. किझितोने तो सोडवून घेण्याचा प्रयत्न केला.

२७/
आज १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, आणि २८ नोव्हेंबरला, पहिल्या दर्शनाच्या स्मृतिदिनी, किबेहोला हजारो यात्रेकरू येतात. कित्येक जण पायी येतात, शेजारच्या देशांतूनही. टेकडीवर १९९४च्या मृतांचे स्मारक आहे. १९९५च्या मृतांचे नाही. यात्रेकरू दोन्ही मातींवरून चालत वर चढतात आणि गातात. त्यांत वाचलेल्यांची मुले आहेत, शिक्षा भोगून सुटलेल्यांची मुले आहेत, आणि छावणीत गेलेल्यांचीही. कोण कोणासाठी गातो आहे, हे बाहेरून ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही. (समाप्त)